समाप्ती लेकरू आल्यावर

"हं."

मावशी कुणाचंही बोलणं ऐकताना दर वाक्याला असं 'हं' म्हणायच्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, सगळेच म्हणतात. पण आपण 'हं' म्हणतो ते बहुतेक वेळा समोरच्यानं आवरतं घ्यावं म्हणून. मावशींचा 'हं' पुढचं सांगा म्हणायचा. भाजीवाली मेथीचा भाव सांगून थांबली की मावशी 'हं' म्हणत, आणि ती बिचारी आणखी काय सांगावं म्हणून सुनेच्या कागाळ्या सांगत बसे. रेडिओवर बातम्या देणाऱ्या माणसालासुद्धा त्या हुंकारा देत. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, त्याला तुमचं ऐकू जात नाही."

"मला तं त्याचं ऐकू येऊन राह्यलं ना बाई," त्या म्हणाल्या. "हुंकारा दिला न्हाई तं सांगणाऱ्याला वाटतं, समोर कोणीच न्हाई."

जालना जिल्हा नुकताच झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी जुन्या जालन्यातल्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले आणि एका आडत दुकानाच्या मागच्या घरात खोली घेऊन राहिले. घर मावशींच्या थोरल्या दिरांचं. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे. मूळचे घनसावंगीकडचे शेतकरी. अण्णांनी शहरात येऊन आडत टाकली आणि तिच्यामागं घर बांधलं. मावशींचे यजमान तरुणपणीच गेलेले. एकुलता एक मुलगा, तो मी राहायला आले तेव्हाच अमेरिकेत होता. मोठा हुशार, म्हणून अण्णांनी पुढच्या शिक्षणाला पाठवला होता. "आमचा पुतण्या अमेरिकेत अस्तो" हे वाक्य अण्णा गिऱ्हाइकाला ज्वारीचा भाव सांगण्याआधी सांगत. भाव पटला नाही तरी गिऱ्हाईक जरा वेळ थांबे.

मावशींना अक्षरओळख नव्हती. पण पोथ्या ऐकून ऐकून निम्म्या पाठ. त्यांच्या गावी श्रावणात घरोघर पोथी लागे. एक जण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकानं दर ओवीला हुंकारा द्यायचा. हुंकारा आला नाही तर वाचणारा पुढं जात नाही, असा तिकडचा रिवाज. मावशींच्या सासऱ्यांची नजर गेली तेव्हा पोथी वाचायचं काम नातवाकडं आलं आणि हुंकारा मायकडं. "लई खट्याळ," मावशी सांगत. "दिवसभर रानात राबून माझा डोळा लागायचा. तं ह्यो मुद्दाम थांबायचा. सारे लोक ताटकळले तरी वाचायचा न्हाई. म्हणायचा, माय हं म्हणंल तवाच."

सांगताना त्या इतक्या खूश असत की मी ही गोष्ट पुन्हा ऐकतेय हे मला कधी सांगवलं नाही.

मुलाचं पत्र यायचं ते अण्णांच्या नावानं, दुकानाच्या पत्त्यावर. संध्याकाळी अण्णा घरादाराला ओसरीवर बसवून मोठ्यानं वाचत. आवडलेलं वाक्य दोनदा. मावशी माजघराच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या, आणि दर वाक्याला तिथून बारीकसा 'हं'. पत्रात काय असणार? हवा थंड आहे, अभ्यास बरा चालू आहे, येथील सर्व कुशल. उत्तर अण्णाच लिहीत. सगळं लिहून झालं की चष्म्यावरून बघत विचारत, "तुमाला काय सांगायचं हाय का?" मावशींचा निरोप ठरलेला. "म्हणावं, तब्येतीला जप."

मला गंमत वाटे. ज्या बाईपाशी सगळ्या गल्लीच्या गोष्टी सांगून संपत नाहीत, तिला स्वतःच्या मुलाला सांगायला एवढंच सुचावं? पण भरल्या ओसरीत, थोरल्या दिरासमोर, लेकाला दुसरं काय सांगतात हे मला तरी कुठं माहीत होतं.

मग कॅसेट आली. तिकडून सुट्टीवर आलेल्या कुणा ओळखीच्या माणसाबरोबर त्यानं ती पाठवली होती, सोबत अण्णांना पत्र. तो राहत होता त्या शहरात आंधळ्या माणसांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटवर भरणारी एक संस्था होती. सुट्टीच्या दिवशी फुकट वाचून द्यायला लोक जात. हाही गेला. नमुना म्हणून त्यांनी त्याला कवितांचं एक पुस्तक दिलं. त्याच शहरावरच्या, अगदी अलीकडच्या कविता. ती कॅसेट ऐकून संस्थेनं त्याला नको म्हणून सांगितलं. "ते म्हणाले, तुम्ही गाण्यासारखं वाचता आणि प्रत्येक ओळीनंतर फार थांबता," असं त्यानं लिहिलं होतं. "कॅसेट वाया गेली म्हणून मायसाठी पाठवतो. समजलं नाही तरी आवाज ऐकू येईल. तिला शेवटपर्यंत ऐकायला सांगा."

अण्णांनी नको म्हटल्याचं वाक्य एकदाच वाचलं, तेही भरभर.

रविवारी दुपारी सगळे जमले. अण्णांनी भजनं ऐकायचा टेपरेकॉर्डर दुकानातून आणून ओसरीवर पाटावर ठेवला. शेजारचे दोघे-तिघे कापडवाले आले. बटण दाबलं आणि आवाज आला, "पोएम नंबर वन." अण्णांनी सगळ्यांकडं असं बघितलं की जणू अमेरिका त्यांनीच बांधली. पहिली कविता सगळ्यांनी माना डोलावून ऐकली. दुसरीच्या मध्यात अण्णांना तुरीच्या गाडीची आठवण झाली. ते उठल्यावर कापडवाले उठले, मग घरच्या सुना. तिसरीला ओसरीवर आम्ही दोघीच, आणि मावशी दर ओळीला 'हं' म्हणत होत्या.

त्या संस्थेनं त्याला का घेतलं नाही, ते मला पाच मिनिटांत कळलं. पोरगं इंग्रजी कविता पोथीच्या चालीवर वाचत होतं. ओळ वर न्यायची, शेवटी खाली सोडायची आणि थांबायचं. तिकडच्या आंधळ्या माणसांना कळलं नसतं की हा थांबतो कशासाठी. मावशींना कळत होतं. त्यांचा 'हं' बरोबर त्या जागेत जाऊन बसत होता आणि 'हं' झाला की तो पुढची ओळ घेई.

कविता संपली तशी मावशींनी बटण दाबून टेप थांबवला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, अर्थ सांगा."

आता माझी पंचाईत. मी शाळेत शिकवायची त्या कवितांमध्ये फुलं होती, यमक होतं आणि शेवटच्या कडव्यात बोध होता. इथं नुसतं एक शहर. रस्त्याच्या मधोमध झाकणातून वाफ येतेय आणि तिच्यातून एक माणूस चालत जातो. संपली कविता. मी म्हटलं, "मावशी, याला अर्थ असा काही नाही. रस्त्यातून वाफ निघते, एवढंच आहे."

"रस्त्यातून?"

"हो. जमिनीखालून नळ गेलेत गरम वाफेचे. घरं उबदार ठेवायला."

"हं," मावशी म्हणाल्या. विचार करून पुढं म्हणाल्या, "मंग थंडीत लेकरू त्या झाकणापाशी हुबं ऱ्हात असंल."

कवितेत हे नव्हतं. पण मला वाटतं, त्या कवीला चाललं असतं.

अशी ती पोथी सुरू झाली. मावशींनी तिला पोथीचाच मान दिला. दुपारी जेवणं आटोपली की हातपाय धुऊन पाट मांडायचा, त्यावर टेपरेकॉर्डर, पुढं उदबत्ती. एक कविता ऐकायची आणि मग माझा अर्थ. शेवटी माझ्या तळहातावर चिमूटभर साखर. माझी शाळा सकाळची, दुपारी मला झोप हवी असे. मी कुरकुरत जाई. पण हळूहळू असं झालं की एखाद्या दिवशी हाक आली नाही तर मीच दार वाजवी.

एका कवितेत घराच्या बाहेरून लोखंडी जिना होता आणि त्यावर एक बाई बाळाचे कपडे वाळत घालत होती. मी सांगितलं, तो जिना आग लागली तर उतरायला असतो. मावशींना पटेना. "आग लागंल म्हणून आधीच जिना बांधून ठेवला? आन् रोज त्याच्यावर आंगडी-टोपडी वाळू घालायची?" मग जरा वेळानं म्हणाल्या, "बराबर हाय. आगीच्या भेवानं लेकराचे कपडे थोडेच ओले ठेवायचे."

दुसऱ्या एका कवितेत रस्त्यावरच्या फोनपाशी एक माणूस बोलत असतो. त्याचे पैसे संपतात, फोन बंद पडतो, तरी तो बोलतच राहतो. मला वाटलं वेड्याची कविता आहे. मावशींनी उदबत्तीची राख झटकली. मग म्हणाल्या, "पल्याडचं माणूस हुंकारा देत असंल, म्हणून बोलत असंल तो."

"फोन बंद पडलाय मावशी."

"ते त्याला ठावं हाय का?"

एका मेलेल्या कबुतराची कविता होती, तिचा अर्थ मला शेवटपर्यंत लागला नाही आणि मी तसं सांगितलं. मावशींनी साखर मात्र दिली. म्हणाल्या, "न्हाई लागला तं न्हाई लागला. आमच्या गावचा अर्थ सांगणारा तं घोड्याचा हत्ती करायचा."

कबुतरानंतरच्या दुपारी टेपमधून आवाज आला, "द लास्ट पोएम." पहिली ओळ सुरू व्हायच्या आत मावशींनी खटकन बटण दाबलं. लास्ट शब्द त्यांना चांगला माहीत होता. घनसावंगीची लास्ट गाडी त्यांची कितीदा तरी चुकली होती.

मी म्हटलं, "अहो मावशी, एकच राहिलीये."

"म्हणून तं. शेवटचा अध्याय असा घाईघाईत ऐकत्यात का? समाप्तीला पुरणावरणाचा सयपाक लागतो. वाचणाऱ्याला पाटावर बसवून टोपी-उपरणं द्यावं लागतं. वाचणारा तिकडं, आन् समाप्ती हिकडं कशी करता?"

"मग?"

"समाप्ती लेकरू आल्यावर."

एवढं बोलून त्यांनी कॅसेट पुन्हा सुरुवातीला आणली, लाल कापडात बांधली आणि देवघरात पोथ्यांच्या चळतीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोएम नंबर वन.

पुढं हे वर्षानुवर्षं चाललं. कबुतरापर्यंत यायचं, 'लास्ट' ऐकलं की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. मलाही त्या कविता पाठ झाल्या आणि मावशींना तर माझे अर्थसुद्धा. गल्लीतल्या बायांना त्या शहराची माहिती त्या अशी देत की जाऊन आल्या असाव्यात. "तिथं पाण्याच्या टाक्या लाकडाच्या. घराच्या डोक्यावर. पाखरं बसत्यात त्याच्यावर." जालन्याला नळाला पाणी कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं, पण त्या शहरातल्या टाक्यांचं आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

कॅसेट पोचल्यावर आलेल्या पत्रात त्यानं अण्णांना विचारलं होतं, "मायने कॅसेट ऐकली का? माय काही म्हणाली का?" अण्णांनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "काय लिहू?"

"लिहा की रोज ऐकती. आन् म्हणावं, तब्येतीला जप."

पुढच्या पत्रात पुन्हा तेच. "माय आणखी काही म्हणाली का?" अण्णा हसले. "पोराला मायचं कौतुक लई." पुन्हा तेच उत्तर गेलं. त्यानंतरच्या पत्रांत हा प्रश्न आला नाही. शिक्षण संपलं, तिथंच नोकरी लागली. अण्णांनी दुकानात पेढे वाटले. येण्याचं विचारलं की पुढच्या वर्षी बघतो, असं येई. मग पत्रं लांबली, लहान झाली. 'येथील सर्व कुशल' तेवढं राहिलं.

मावशी दरवर्षी दिवाळीनंतर चण्याची डाळ निवडून वेगळ्या डब्यात भरून ठेवत. समाप्तीच्या पुरणाची. गुढीपाडव्याला ती घरात वापरून टाकत आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा भरत.

रोज वाजवून कॅसेटची रया गेली. कधी फीत यंत्रात गुंतून बाहेर यायची. मी पेन्सिल घालून गुंडाळून द्यायची. वाफेची कविता तर खरखरीत बुडूनच गेली, नुसता चढ-उतार कळायचा. बाजारात एक जण कॅसेटवरून कॅसेट भरून द्यायचा. मी म्हटलं, "मावशी, आपण नवी भरून घेऊ. जुनी जपून ठेवता येईल."

"भरताना शेवटपावतर चालवंल का तो?"

"चालवावीच लागेल."

"मंग नको."

"दुकानात वाजेल मावशी, आपण कुठं ऐकणार आहोत?"

"बाजारात समाप्ती करता का बाई?" त्या इतक्या दुखावल्या आवाजात म्हणाल्या की मी विषय सोडला.

बातमी फोनवर आली, दुकानात. छातीत कफ साठून ताप आला होता, दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला. एकटाच राहत होता. तिकडच्या ओळखीच्यांनी तिकडंच सगळं केलं. अण्णा दुकानातून घरापर्यंत चालत आले, पायात चप्पल नव्हती. दारातच त्यांनी सांगितलं. एकेक वाक्य सांगून ते थांबत होते आणि मावशी सवयीनं दर वाक्याला 'हं' म्हणत होत्या. शेवटचं वाक्य झालं. त्यालाही त्या 'हं' म्हणाल्या. मग खाली बसल्या.

तो 'हं' मी अजून विसरलेले नाही आणि विसरावासा वाटतही नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. मला वाटलं आता पोथी बंद. पण एका दुपारी भिंतीवर टकटक झाली. मावशींनी पाट मांडला होता. कॅसेट लावली. त्याचा झिजलेला आवाज आला आणि मावशी पहिल्यासारखाच हुंकारा देऊ लागल्या. मला तिथं बसवेना. पदर तोंडाशी धरून मी कशीबशी बसले. त्या दिवशी त्यांनी अर्थ विचारला नाही. साखर देताना आपण होऊन म्हणाल्या, "बाई, आता समाप्ती करायची न्हाई. बिलकुल न्हाई. पोथी चालू हाय तवर वाचणारा हाय."

डाळीचा डबा त्यांनी त्या वर्षी भरला नाही.

पुढं मी नदीपलीकडं नव्या जालन्यात स्वतःचं लहानसं घर घेतलं. जाणं-येणं कमी झालं. गेले की मावशी पाट मांडत. नंतर नंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. कानाशी टेपरेकॉर्डर धरून बसत. एकदा मी गेले तर लाईट गेलेली, यंत्रातले सेल संपलेले, कॅसेट जागच्या जागी थांबलेली, आणि मावशी डोळे मिटून हुंकारा देत होत्या. मी त्यांना सांगितलं नाही. शेजारी बसून राहिले.

मावशी गेल्या त्या एका सकाळी, चहा घेतल्यावर. तशी कुणाला तसदी दिली नाही. त्यांच्या तेराव्यानंतर चार-आठ दिवसांनी अण्णा ऑटोनं माझ्याकडं आले. आता तेही पार वाकले होते. मांडीवर लाल कापडाचं गाठोडं.

"बाई, तिच्या पोथ्या पार विरल्यात. गंगेत सोडाव्या म्हणलं, सुनेचं माहेर गंगंकाठीच हाय, ती तिकडं जाऊन ऱ्हाईली." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. "ही बी सोडावी म्हणतो. पण अर्धवट पोथी गंगेत सोडत न्हाईत. समाप्ती व्हावी लागती. आन् हिचा अर्थ तं तुमालाच ठावा."

अण्णा कधी दुसऱ्या कवितेच्या पुढं बसले नव्हते. मी त्यांच्याबरोबर गेले.

घरात पुरण शिजत होतं. अण्णांनी तसं सांगून ठेवलं होतं. ओसरीवर पाट, पाटावर तोच टेपरेकॉर्डर. वाचणाऱ्यासाठी दुसरा पाट मांडला होता आणि त्यावर नवं उपरणं घडी करून ठेवलं होतं. मी कॅसेट लावली. कबुतराची कविता खरखरीतून जेमतेम ऐकू येत होती. मग "द लास्ट पोएम" आणि एक खट्. मावशींचं बोट वर्षानुवर्षं पडत आलेली ती जागा असावी.

त्याच्या पुढं आवाज एकदम स्वच्छ झाला. या भागाला कुणी हात लावला नव्हता. इतका ताजा, तरुण आवाज की अण्णांनी दचकून दाराकडं पाहिलं. त्या घरात तो आवाज असा किती वर्षांत वाजला नव्हता. मला तर विसरच पडला होता की तो इतक्या लहान वयाचा होता.

कविता छोटीच होती. पहाटेचं शहर. एक दुकानदार शटर वर करतो, बादलीतलं पाणी दुकानासमोर मारतो, आणि ओल्या रस्त्यावर पहिलं माणूस उमटतं. मी मध्येच थांबवून अर्थ सांगितला. अण्णा जन्मभर रोज सकाळी दुकानापुढं पाणी मारत आलेले. ते म्हणाले, "आपल्यावाणीच की." त्यांना बरं वाटलं. मला वाटलं, ही एक कविता मावशींना किती आवडली असती.

मी बटण दाबलं. कविता संपली. कॅसेट बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात तोच आवाज मराठीत बोलला.

"माय."

आम्ही दोघं तसेच थांबलो.

"माय, आता सारे उठून गेले असतील. अण्णा तं दुसऱ्या कवितेलाच गेले असतील. तू बसली असशील. मला ठावं हाय, तू शेवटपावतर बसशील, म्हणून इथं बोलून राह्यलो. पत्रात बोलता येत न्हाई, पत्र साऱ्यांसमोर वाचत्यात.

"माय, मला हितं करमत न्हाई. खाण्यापिण्याचे हाल न्हाईत, अभ्यास बी बराबर चालू हाय. पण दिवसभर माझं कोणी ऐकत न्हाई. मला घरी यायचंय. अण्णांनी चार लोकांत सांगून ठेवलंय, त्यांला तोंड कसं दाखवू कळत न्हाई. पण तू ये म्हणली तं मी येतो. शेती करीन, न्हाई तं दुकानात बसंन. तू येवढंच कर. पुढच्या पत्रात अण्णांना लिहायला सांग, माय हं म्हणली. बस. त्यांला काय कळणार न्हाई, मला कळंल. तसं न्हाई आलं तं मी समजंन, मायचं म्हणणं हाय की ऱ्हा. मी राग धरणार न्हाई. पुन्हा बोलणार बी न्हाई."

अण्णांचे हात मांडीवर होते. 'तब्येतीला जप' हे उत्तर त्यांनीच त्यांच्या हातानं लिहिलं होतं, ओसरीच्या याच खांबाला टेकून. त्यांना ते आठवत होतं हे मला त्यांच्याकडं न बघताही कळत होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

टेपमधून पुन्हा आवाज आला. जरा हसरा, पोथी वाचताना मुद्दाम थांबणाऱ्या पोराचा.

"ऐकून राह्यली ना माय? हुंकारा दे."

आणि तो थांबला. कॅसेट फिरत होती, तो तिकडं थांबून होता. मध्ये एकदा त्याचा श्वास ऐकू आला. स्वयंपाकघरात पुरण वाटण्याचा आवाजही बंद झाला होता. समोरच्या रिकाम्या पाटावर उपरणं होतं.

"हं," अण्णा म्हणाले.

तिकडं बटण बंद केल्याचा आवाज आला आणि पुढं नुसती कोरी फीत फिरू लागली. अण्णा टेपरेकॉर्डरकडं जरा पुढं सरकले, आणि त्यांनी पुन्हा एकदा, आधीपेक्षा मोठ्यानं, हुंकारा दिला.